चार वाजता जाणारं नेट

चौतीस वर्षं मी मोजणी खात्यात काढली. जमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या, खुणा गाडायच्या. मोजणीदाराला कोणी सुखासुखी बोलावत नाही. दोन माणसं भांडत असतात म्हणून बोलावतात, आणि दोघंही खोटं बोलत असतात, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. एक म्हणणार, बांध पहिल्यापासून इथंच आहे. दुसरा म्हणणार, यानं दरवर्षी नांगरताना वीतभर कोरला. मोलगीकडं जीप सोडून डोंगरात तीन-तीन तास पायी गेलो, इकडं तापीकाठच्या केळीत साखळी ओढली, माणूस सगळीकडं सारखाच. कोणी हसून चहा विचारला की मी आधी त्याच्या बांधाकडं बघायचो. निवृत्त झालो तेव्हा टेप, नकाशे, सगळं खात्यात जमा केलं. ही नजर तेवढी घरी घेऊन आलो.

माझी बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे रोजची उलटतपासणी. दूध उतू गेलं तरी मी विचारणार, त्या वेळी गॅसपाशी कोण होतं. खोटं कशाला सांगू, विचारतोच. विचारलं नाही तर कळणार कसं?

तर गोष्ट आहे नेटची. माझ्या मुलाला कंपनीनं दोन वर्षांसाठी मस्कतला पाठवलं. सून पुण्यात एकटी, पदरात चार वर्षांची नात. सुनेचं काम कॉम्प्युटरवरचं, घरून करता येणारं. नात दिवसभर पाळणाघरात. एक दिवस सुनेचाच फोन आला, आप्पा, ऑफिसनं परवानगी दिली तर आम्ही दोघी तिकडं येऊन राहू का? माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हिला एकदम सासर का आठवलं. पण बायकोनं हातातून फोन ओढून घेतला आणि 'ये ना, ये' म्हणून मोकळी झाली. मग मीही विरघळलो. नात घरात राहणार म्हटल्यावर कोण विरघळणार नाही?

ऑफिसनं तीन महिने दिले. तेही अटीवर. रोज अकरा वाजता आणि चार वाजता तिची मीटिंग असायची, समोर परदेशातली माणसं. त्या वेळी नेट टिकलं तर पुढं खुशाल गावाकडं राहा, नाही टिकलं तर पुण्याला परत. म्हणजे नात आमच्या अंगणात वाढणार की पुन्हा त्या पाळणाघरात जाणार, हे आता एका वायरीवर येऊन ठेपलं होतं. मी सुनेला सांगितलं, तू काळजी करू नकोस, नेटचं माझ्याकडं लागलं.

दिवाळीनंतर दोघी आल्या. त्याआधी मी नंदुरबारहून नेटवाल्याला बोलावून फायबर ओढून घेतलं. पन्नाशीचा माणूस, शिडी स्वतः उचलणारा, बोलताना निम्मं गुजराती. त्यानं खाली बैठकीत फळीवर राउटर बसवला. राउटर म्हणजे ती दोन शिंगांची डबी, बाहेरून आलेलं नेट घरात वाटणारी. माझा जुना कॉम्प्युटर शेजारीच टेबलावर, त्याला डबीतून सरळ वायर. सुनेचा लॅपटॉप माडीवर, त्याला वाय-फाय, म्हणजे बिनवायरीचं.

माझ्या कॉम्प्युटरबद्दल इथंच सांगून टाकतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा बसवणाऱ्यानं प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवरचा पत्ता म्हणून एक नंबर पक्का करून दिला होता आणि चिठ्ठीवर लिहून वर चिकटवला होता. मला ते फार आवडलं. जमिनीला गट नंबर असतो, तो काही रोज बदलत नाही. घरी स्वतःचा घेतला तेव्हा मी हट्टानं त्यालाही नंबर पक्का करून घेतला, शेवटचा आकडा पाच. तशीच चिठ्ठी करून चिकटवली. नवा राउटर लावताना नेटवाला म्हणाला होता, आप्पा, आता ही डबी ज्याला त्याला आपोआप नंबर देते, हे पक्कं-बिक्कं काढून टाकू का? मी म्हणालो, हात लावायचा नाही. जो येईल त्याला नंबर वाटत सुटायचं, ही काय पद्धत झाली? तो हसला आणि त्यानं हात लावला नाही.

पहिले पंधरा-वीस दिवस झकास गेले. मिरचीची तोडणी चालू होती, मी सकाळी शेतात जायचो तो दिवस कलल्यावर यायचो. कॉम्प्युटरवर बायकोनं जुनी ओढणी टाकून ठेवली होती. माडीवर सुनेचं इंग्रजी चालायचं. नात अंगणभर पळायची, भावाच्या खळ्यात वाळत घातलेल्या मिरचीपाशी जाऊन शिंकायची आणि शिंकली की स्वतःच हसायची. आठवड्याभरात ती आमच्या अहिराणीत 'मन्हा' आणि 'तुन्हा' म्हणायला लागली. बायकोला कोण आनंद झाला. सून कौतुकानं तिला परत परत बोलायला लावायची.

तोडणी संपली आणि मी घरी बसायला लागलो. एक दिवस चार वाजता एका ओळखीच्याचा सातबारा बघायला म्हणून मी कॉम्प्युटर चालू केला. पाचेक मिनिटांत सून जिन्यात आली. आप्पा, नेट गेलं का? मी म्हणालो, माझं तर चालू आहे. ती परत वर गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली, चेहरा उतरलेला. मीटिंगमधून तीनदा बाहेर फेकली गेली होती.

दुसऱ्या दिवशी अकराला काही झालं नाही, चारला पुन्हा गेलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही वेळा. मी डबी बंद करून चालू केली, वायरी काढून पुसून लावल्या, डबी फळीवरून उचलून जिन्याच्या तोंडाशी आणली. सून लॅपटॉप घेऊन खाली डबीपाशी येऊन बसली, तरी तेच. गंमत अशी की माझं, वायरीवरचं, थोडं अडखळायचं पण चालायचं. तिचं, हवेतलं, तेवढं जायचं. सून म्हणाली, आप्पा, माझ्यापर्यंत पण एक लांब वायर ओढली तर? मी म्हणालो, ओढू, पण आधी कारण कळू दे. दुखणं काय ते न बघता गोळी घ्यायची नसते. खरं कारण वेगळंच होतं. मला तोवर वास आला होता. वायरीतलं कोणाला चोरता येत नाही, हवेतलं येतं. कोणीतरी पलीकडून ओढत होतं.

पलीकडं म्हणजे भिंतीपलीकडं, धाकट्या भावाचं घर. वाटणी झाली तेव्हा घर मध्ये भिंत घालून दोघांनी घेतलं. मोजणी मीच केली होती आणि त्यानं एका शब्दानं तक्रार केली नव्हती. तेव्हाही मला वाटलं होतं, हा इतका गप्प का?

मुलाला मस्कतला फोन लावला. त्यानं शिकवलं, कॉम्प्युटरवर राउटरचं पान कसं उघडायचं, तिथं कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी कशी दिसते. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि पान उघडलं. बायकोचा फोन, माझा फोन, सुनेचा फोन, सुनेचा लॅपटॉप. आणि पाचवा एक, ज्याच्या पुढं नावच नव्हतं. नुसता लांबलचक आकड्यांचा आणि अक्षरांचा शेपटा. सापडला म्हटलं.

मग मी पहाऱ्याला बसलो. रोज अकराला दहा कमी असताना आणि चाराला दहा कमी असताना कॉम्प्युटर चालू करायचा, यादी उघडायची आणि डोळ्यात तेल घालून बघत राहायचं. जेव्हा बघावं तेव्हा तो बिननावाचा हजर. वर नेट गेलंच. मी मुलाकडून शिकून पासवर्ड बदलला. घरातल्या सगळ्यांना नवा दिला, शेजारी कोणाला सांगायचा नाही म्हणून दम दिला. दुसऱ्या दिवशी चारला बसलो, यादी उघडली. तो होताच. पुन्हा बदलला, या वेळी इतका अवघड की बायकोच्या फोनमध्ये घालताना मलाच चारदा चुकला. तरी तो आत. इतका कोडगा चोर मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मी मोजणीची वही काढली. नवं पान, उभ्या रेघा. तारीख, नेट गेलं ती वेळ, परत आलं ती वेळ, त्या वेळी कोण कुठं. भाऊ ओट्यावर, हातात फोन. भावाची बायको खळ्यात. माझी बायको चुलीपाशी. सून माडीवर. नात झोपलेली. पंधरा दिवसांत दीड-दोन पानं भरली. आमच्या खात्यात म्हणायचे, कागदावर उतरलं की खरं बाहेर पडतं.

भावाला मी सरळ विचारलं नाही. कोणी सरळ विचारून कबूल होतं का? त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो, गप्पा मारता मारता म्हणालो, तुझ्याकडं नेट बरं चालतं रे हल्ली. तो माझा भाऊ आहे, त्याला काय कळायचं ते कळलं. हातातला फोन त्यानं माझ्यापुढं धरला. म्हणाला, बघी ले. मी बघितला. लाज न बाळगता बघितला. त्यात आमच्या नेटचं नावसुद्धा नव्हतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, मन्हा घरमा चोर शे का?" मी काहीतरी बोलून उठलो. त्यानंतर दोन दिवस त्याच्याकडून येणारं रोजचं ताक आलं नाही.

आता वाटतं, तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण भावावरचा संशय सुटला म्हणून संशय सुटतो असं नाही, तो दुसऱ्यावर जाऊन बसतो. बाहेरचा कोणी नाही, मग घरातलाच. घरात कोण? बायकोला फोन उचलता आला तरी खूप. राहिली सून.

खरं म्हणजे सून मला कधी वावग्या शब्दानं बोललेली नाही. पण आम्ही घरात अहिराणीत बोलायला लागलो की ती गप्प व्हायची, हे मी टिपलं होतं. तिला वाटायचं की आम्ही तिच्याबद्दल बोलतो. मला वाटायचं की तिला आमची बोली गावंढळ वाटते. दोघांनी कधी विचारलं नाही. त्यात एक दिवस मी माडीवरच्या टाकीत पाणी बघायला गेलो आणि तिच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. नेटचं काही खरं नाही इथं, मला बहुतेक परत यावं लागेल. शेवटी हसलीही. ते हसणं माझ्या कानात बसलं. रडकुंडीला आलेला माणूसही कधी कधी असा हसतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मी वहीवर आडवा हात ठेवून विचार केला. हिला इथं करमत नाही. तोंडानं कसं सांगणार? सासू-सासरे काय म्हणतील, नवरा काय म्हणेल. मग नेट गेलं म्हणायचं, ऑफिसनं बोलावलं म्हणायचं आणि सुटकेस भरायची. नेट माझ्याकडं चालतं आणि फक्त हिच्याकडंच जातं, याचा दुसरा अर्थ काय? सगळं कसं चपखल बसत होतं. चपखल बसलं की मला खरंच वाटतं, हा माझा जुना रोग.

फक्त साक्ष हवी होती. आणि साक्ष माझ्याच घरात दुडदुडत होती.

हे लिहिताना मला माझीच चीड येते. मी नातीला ओट्यावर घेऊन बसलो, मुठीत गूळ-शेंगदाणे दिले. तिनं एक-एक दाणा फोडून, साल माझ्या गुडघ्यावर ठेवत खाल्ला. मग मी विचारलं, काय गं, मम्मी लॅपटॉपवरचं नेट बंद करते का? तिनं मान डोलावली. "हो आबा. रोज करते." मी विचारलं, तू बघितलंस? तर म्हणाली, हो, मम्मी बंद करते आणि मग रडते. रडते हा शब्द माझ्या कानापर्यंत आला आणि बाहेरूनच परत गेला. मला हवा होता तो शब्द मिळाला होता. मी तिला वर म्हणालो, शहाणी माझी बाय.

संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही सगळे बैठकीत होतो. भाऊ बऱ्याच दिवसांनी आला होता, पाटाच्या पाण्याची पाळी ठरवायला. सून जिन्यावरून खाली आली. तिनं सांगितलं, उद्या चारच्या मीटिंगला तिचे वरचे साहेब स्वतः बसणार आहेत, आणि उद्या जर पुन्हा तसंच झालं तर या आठवड्यात तिला पुण्याला हजर व्हायला सांगतील. आप्पा, उद्याच्या दिवसापुरतं तरी काही करता येईल का? असं तिनं अगदी काकुळतीनं विचारलं.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, काय नाटक करते ही. मी म्हणालो, "तुला इथं राहायचं नव्हतं तर तसं तोंडानं सांगायचं होतंस. स्वतःच नेट बंद करायचं आणि आमच्या तोंडाकडं बघायचं, हे धंदे कशाला?"

तिला आधी कळलंच नाही मी काय म्हणतो ते. ती म्हणाली, मी बंद करते? मी म्हणालो, उगाच साळसूदपणा नको, तुझ्या मुलीनंच सांगितलंय. रोज बंद करतेस म्हणून.

नात आईच्या मागं उभी होती, ड्रेसची ओढणी मुठीत धरून. तिनं आईकडं वर बघितलं, मग माझ्याकडं. काहीतरी चुकलं एवढं तिला समजलं होतं. काय ते समजलं नव्हतं.

सून मोठ्यानं बोलली नाही. "आप्पा, तुम्ही तिला विचारलंत?" एवढंच म्हणाली. तिला उचलून घेतलं आणि वर गेली.

भाऊ पाण्याची पाळी न ठरवताच उठला. बायको भांडी आवरता आवरता थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या पोरले काबर इचारं तुम्ही?" पोरीला कशाला विचारलंत, एवढंच. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, ती मला अशी कधी बोलली नव्हती. मी उलट तिच्यावरच खेकसलो. जेवलो मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नेटवाला आला. त्याला मीच चार दिवस आधी बोलावून ठेवलं होतं, त्या बिननावाच्याला कायमचा हाकलायला. मी त्याला टेबलापाशी बसवलं, कॉम्प्युटर चालू केला, यादी उघडली आणि बोट ठेवलं. हा बघ. पासवर्ड दोनदा बदलला तरी आत येतो. मी जेव्हा बघतो तेव्हा असतोच.

तो यादीकडं बघत राहिला. मग खाली वाकून माझ्या कॉम्प्युटरच्या मागचं काहीतरी वाचलं, पुन्हा यादी बघितली. नंतर त्याला वही दिसली. कोण कुठं असतं ते मी लिहिलंय म्हणून मीच अभिमानानं पुढं केली. त्यानं ती सावकाश वाचली, बोट फिरवत. नेट जायच्या वेळा वाचल्या, माणसं वाचली.

"आप्पा, ह्यात तुम्ही कुठं आहात?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, मी कुठं म्हणजे? मी इथंच बसलेला, पहाऱ्याला. ह्याच कॉम्प्युटरवर.

तो म्हणाला, तेच तर. हा जो बिननावाचा दिसतो ना, तो हाच कॉम्प्युटर. वायरीवरचा, जुना, म्हणून त्याचं नाव डबीला कळत नाही. तुम्ही बघायला बसता तेव्हाच तो चालू असतो, म्हणून तुम्हाला दर वेळी दिसतो.

मग त्यानं समजावलं. डबी ज्याला त्याला क्रमानं नंबर देते. एक नंबर तिचा स्वतःचा. बायकोचा फोन दोन, माझा तीन, सुनेचा फोन चार, आणि लॅपटॉप पाच. आणि कॉम्प्युटरच्या वर, माझ्याच अक्षरात, चिठ्ठी चिकटवलेली, शेवटी पाच. मी कॉम्प्युटर बंद ठेवला तोवर पाच नंबर सुनेच्या लॅपटॉपचा होता आणि कोणाचं काही अडत नव्हतं. मी चालू केला की एका नंबरचे दोन धनी व्हायचे. डबीला कळायचं नाही की माल कोणाला द्यायचा. वायरवाला पहिला ओढून घ्यायचा, हवेतला बाहेर पडायचा. ती बिचारी वर वाय-फाय बंद करायची, परत चालू करायची, जोडलं जायचं, पुन्हा पडायचं. मी पहारा वाढवला तसं तिचं जाणं वाढलं.

एका गटावर दोघांची नावं चढली की काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तसल्या भांडणांवरच माझं पोट चाललं.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. त्यानं पक्का नंबर काढून टाकला, डबीनं माझ्या कॉम्प्युटरला सहा दिला. नावही घातलं त्यानं, 'आप्पा' असं. चहा न घेता गेला. जाताना म्हणाला, होतं असं, आप्पा. मला वाटतं तो बायकोच्या चेहऱ्याकडं बघून थांबला नाही.

चार वाजता मी कॉम्प्युटर चालूच ठेवला आणि जिन्याच्या खाली उभा राहिलो. वर सुनेचा आवाज. पाच मिनिटं, दहा, अर्धा तास. एकदाही तुटला नाही. मधे ती हसलीही, कामाचं हसणं. सव्वापाचला ती खाली आली. मी काय म्हणायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, चूक कुठं होती, नंबर कसा एक झाला. ती म्हणाली, मला कळलं आप्पा, आईंनी सांगितलं. नेट छान चाललं. साहेब म्हणाले, हवं तितके दिवस तिथून काम करा.

माझ्या जिवात जीव आला. म्हणालो, मग झालं तर. झालं गेलं विसरून जा. आणि मी हात जोडले. घरात मी कोणापुढं कधी हात जोडलेले नाहीत, पण त्या दिवशी जोडले, आणि मनापासून जोडले. ती पटकन पुढं आली, माझे हात खाली केले. असं करू नका म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग म्हणाली, "मला बोललात ते मी विसरेन. पण तिला तुम्ही माझ्याविरुद्ध साक्षीला उभं केलंत. रविवारी आम्ही निघतो."

मी खूप बोललो. ती ऐकत होती, मान खाली घालून. मुलाचा मस्कतहून फोन आला, तो माझ्याशी जेमतेम दोन वाक्यं बोलला. बायको तिच्यापुढं एका शब्दानंही आडवी आली नाही. उलट तिनं लोणच्याच्या बरण्या बांधून दिल्या, मिरचीचं तिखट दिलं. भावाची बायको येऊन सुनेपाशी बसून गेली. दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

त्या चार दिवसांत नेट एकदाही गेलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही नंदुरबारच्या स्टँडवर गेलो. पुण्याच्या गाडीला अजून वेळ होता. बायको आणि सून सामानापाशी, नात माझ्या शेजारी बाकावर, पाय हलवत. तोवर ऊन चढलं होतं. तिच्या ओठांवर कोरड दिसत होती. मी तिला विचारलं, तहान लागली का गं?

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती आधी आईकडं बघायला लागली. पाय हलवायचे थांबले. आई तिकिटाच्या पावतीत डोकं घालून होती, तिचं लक्ष नव्हतं. नात वाट बघत राहिली.

सुनेच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "सांग बाळा, सांग आबांना. सांगितलं तर चालतं."

तरीही ती काही बोलली नाही. मी पाण्याची बाटली उघडून तिच्याजवळ बाकावर ठेवली आणि तिला पिता यावं म्हणून उठून लांब जाऊन उभा राहिलो.